बाहेरची खोली

१३ एप्रिल १९८६

झाला एकदाचा सत्कार! मैदानात मांडव, शाल, नारळ, आणि प्रमुख पाहुणे म्हणून कुठल्याशा पतपेढीचे अध्यक्ष. माझ्या 'खाजणातलं घर' कादंबरीला ते शेवटपर्यंत 'अंगणातलं घर' म्हणत राहिले. कुणीच सुधारलं नाही. मीही नाही. पंतनगरात कुणाला खाडीकाठचं खाजण माहीत आहे!

मग जयवंत बोलला. माइक हातात आला की माझा भाऊ सुटतो. "माझी ताई नव्हे, माझी आईच ती! बाबा गेले तेव्हा मी एवढासा होतो..." डोळ्यांना रुमाल. बायका मुसमुसल्या. मीही. कशाला खोटं लिहू? शाळेत मास्तरकी करून त्याला वाढवला, शिकवला, लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. चारचौघांत कुणी ते बोलून दाखवलं की बरं वाटतं.

कादंबरी मात्र त्याने वाचलेली नाही. पहिल्याच प्रकरणात दुमडलेलं पान अजून तिथंच आहे.

कुंदा — त्याची बायको — भाषणं संपायच्या आधीच घरी निघून गेली. मी पोचले तर सत्काराचा नारळ फोडून, खवून मोकळी! "सोलकढीला हवा होता," म्हणे. आणि माझ्या खांद्यावरच्या शालीकडे बघून, "तुमचं बरं आहे वन्सं."

काय पण तिरकी जीभ!

१९ एप्रिल

जयवंत गुळगुळीत आवाजात, "ताई, एक बोलू? रागावणार नाहीस ना?"

नोकरी सांभाळून तो हल्ली बदलापूरचे प्लॉट विकून देतो. त्या 'पार्ट्या' घरी येतात. आणि बाहेरच्या खोलीत काय दिसतं? तर माझी खाट, माझं टेबल, माझे कागद.

"इम्प्रेशन पडत नाही गं. तू आत लिही ना, स्वयंपाकघरात. दुपारभर रिकामंच असतं."

दुपारभर मी शाळेत असते. हे त्याला ठाऊक नाही?

मी कागद आवरायला लागले, तसा म्हणाला, "मला काय, मला चालतं. कुंदा म्हणते."

कुंदा म्हणते! माझ्या दिव्याचा त्रास होतो — कुंदा म्हणते. ताई सारखी खोकते — कुंदा म्हणते. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या तोंडावर ही बया चार वाक्यं धड बोलत नाही. आणि त्याच्या कानाशी मात्र अखंड कीर्तन!

२० एप्रिल

कुंदाशी बोलले नाही. तीही नाही. भांडी तेवढी बोलली.

३ मे

शाळेतली द्रौपदी मागेच लागलीय. विक्रोळीला एकटी राहते. नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं जाऊन येते. "चल गो माझ्याबरोबर केदारनाथाक! हंय बसान भावजयीचा त्वांड बघीत रवतलंस?"

घरी भीतभीत विषय काढला, तर जयवंतच उठून बसला. "जा ना ताई! अगं, जन्मात कुठं गेलीस तू? मी यात्रा कंपनीत जाऊन नाव घालून येतो." आणि खरंच जाऊन आला! किती दिवसांनी माझा जयू माझ्याशी असा बोलला. उगाच त्याच्याबद्दल वाईटसाईट लिहिते मी. पोर चांगलं आहे. कानभरणी वाईट.

नव्या कादंबरीचा निम्मा खर्डा झालाय. टेबलाच्या खणात ठेवून निघते आहे.

१६ मे, केदारनाथ

घोड्यावर बसले! मी! घोडा म्हणजे हाडांचा सापळा, पण अक्कल अशी की चालायचं ते दरीच्या काठाकाठानेच. मी घोडेवाल्याला सांगतेय, इधर से, इधर से. तो म्हणतो, "माताजी, यह मेरी भी नहीं सुनता." घसरले ती सुदैवाने डोंगराच्या बाजूला. ढोपर फुटलं. द्रौपदी मागून हसतेय — पोट धरधरून.

वर बर्फ. थंडीने दात वाजतात आणि आमच्या कंपनीचा आचारी परळचा, तो पोहे करतोय. एक काका विचारतात, सुकट आहे का. केदारनाथाला!

गाभाऱ्यात गेले. मागायचं काय ते सुचेना. जयवंताला मूल दे, म्हटलं. मग कुंदालाही दे, हे ओघानं आलंच.

१९ मे, रुद्रप्रयागच्या पुढे कुठंतरी

अक्षर नीट येत नाही.

दरड कोसळून अर्धा रस्ता खाली गेलेला. ड्रायव्हर गाडी मागे घेत होता. मागचं चाक कड्यावरून खाली गेलं. बस एकदम कलली. माझ्या खिडकीतून रस्ताच दिसेना! फक्त खाली, खूप खाली, नदी. गढूळ, पांढरी.

"हिलना मत! कोई हिलेगा नहीं!" ड्रायव्हर ओरडला. मग त्याच्या दाराने एकेकाला बाहेर काढायला लागला. पुढचे आधी. आम्ही सगळ्यात मागे. प्रत्येक माणूस उतरला की बस हलायची. कुरकुरायची. एक आजोबा उतरता उतरता छत्रीसाठी परत वळले, तेव्हा द्रौपदीने त्यांना दिलेली शिवी मी इथं लिहू शकत नाही.

मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही. द्रौपदी सांगते, "जयू, जयू करून बोंबलत होतंस."

आम्ही उतरलो. बस गेली नाही खाली. तशीच अर्धी लटकत राहिली. दगड लावलेत, उद्या ओढून काढणार.

गावातल्या शाळेत जागा दिलीय. एक बाई पितळेच्या पेल्यातून चहा घेऊन आली. माझ्या ढोपराला हळद लावली. माझी भाषा तिला कळेना, तिची मला. रडले मी तिच्यापाशी बसून.

द्रौपदी म्हणाली, "मरताना भावाचा नाव? देवाचा घेवचा गो!"

म्हटलं, "दुसरं कोण आहे मला?"

तिनं स्वतःचा चहा माझ्या पेल्यात ओतला. मग म्हणाली, "तां पण खरा."

२२ मे, ऋषीकेश

जयवंताला तार केली. अपघातातून वाचले, सुखरूप आहे. घाबरेल बिचारा. पण न कळवावं तर पेपरात वाचून जास्त घाबरेल.

२८ मे

घरी आले.

दार उघडलं आणि वाटलं, मजला चुकला. बाहेरच्या खोलीत भला मोठा सोफासेट. चॉकलेटी रेक्झिन, वर प्लॅस्टिक तसंच. भिंतीवर बदलापूरच्या प्लॉटांचा नकाशा. खाट नाही. टेबल नाही. बाबांचा फोटोसुद्धा नाही.

"आलीस ताई? कशी झाली ट्रिप?"

ट्रिप!

"तार मिळाली नाही तुला?"

"मिळाली ना. सुखरूप लिहिलं होतंस, मग म्हटलं काळजी कसली?"

माझी खाट स्वयंपाकघरात, ओट्याला लागून, घडी करून. टेबल खाली गणपती मंडळाच्या ऑफिसात 'दिलंय'. मला न विचारता दिलंय! खर्डा कुठाय विचारलं. "कुंदानं ठेवलाय कुठंतरी. तिलाच विचार."

कुंदा वाकली. तांदळाच्या डब्यामागून गठ्ठा ओढून काढला. तिच्या कुठल्याशा जुन्या साडीत बांधलेला. तांदळामागे! पोरकिडे लागले असते म्हणजे? पानं मोजायचंही भान नव्हतं मला, नुसती छातीशी धरून बसले. ती समोर उभी. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं. मी मान फिरवली.

कड्यावर लटकताना मी या घराचं नाव घेत होते. आणि त्याच आठवड्यात इथं सोफा चढत होता जिन्यावरून.

३० मे

बाजारातून येताना मंडळाच्या ऑफिसात डोकावले. माझं टेबल. वर वड्याचे तेलकट कागद, चटणीचे डाग, कॅरमची बोरिक पावडर सांडलेली. एका टोणग्याने वर पाय ठेवलेले. मला बघून पाय खाली घेतले त्याने. "बसा ना मॅडम!" एवढं अगत्य घरात नाही मला.

तशीच तरातरा वर गेले. जयवंत सोफ्यावर.

म्हटलं, "खोली बाबांची होती. माझाही हक्क आहे."

"बाबांची होती. आता माझ्या नावावर आहे. सही तूच केलीस."

"तू म्हणालास, ताई, तू काय परकी आहेस? म्हणून केली."

"परकी कोण म्हणतंय? पण ताई, तू पण समजून घे ना यार." बहिणीला यार म्हणतो! "किती वर्षं आमच्यात राहणार? कुंदा म्हणते, नवराबायकोला जरा मोकळीक—"

आत कुंदा भाकऱ्या थापत होती. थापायची थांबली. "अहो, मी कुठं—"

"तू गप गं!" असा खेकसला की शेजारची मथुराकाकू गॅलरीत आली.

भाकरी करपल्याचा वास आला.

नाटक! दोघांनी मिळून बसवलेलं. एकाने मारल्यासारखं करायचं, दुसरीने रडल्यासारखं.

२ जून

मुलुंडला खोली घेतली. पूर्वेला, मंजुळाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्या घराची मागची खोली. खिडकीबाहेर नारळाचं एक झाड आणि दुसऱ्यांची वाळत घातलेली लुगडी. द्रौपदी म्हणाली, माझ्याकडे ये. नको. कुणाच्याही बाहेरच्या खोलीत आता राहायचं नाही.

जयवंत ट्रंक घेऊन रिक्षापर्यंत आला. "येत जा हं ताई." पाहुणीला म्हणतात तसं. मी रिक्षातून वर बघितलं. कुंदा गजांना धरून उभी होती. खाली उतरायचंही सुचलं नाही. जिंकलीस बाई. खुशाल सोफ्यावर लोळ.

८ जून

ट्रंकेवर पाट ठेवून लिहायला बसले. एक ओळ नाही.

११ जून

मंजुळाबाईंनी विचारलं, घरचं कुणी नाही का तुम्हाला? नाही म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं. वाटलं होतं, जड जाईल. काही नाही झालं.

१४ जून

शाळा सुटली तर फाटकाशी कुंदा! हातात आईची गोधडी. "राहिली होती, वन्सं." घाटकोपरातल्या घाटकोपरात शाळा, पण सहा वर्षांत कधी आली नाही. आज बरी वाट सापडली.

घेतली आणि चालायला लागले. ती मागोमाग.

"तुम्ही राहता कुठं?"

"कशाला? तिथूनही काढायचंय?"

"मी?"

मग मात्र सुटलेच. पोरं जात-येत होती, तरी सुटले. दिव्याचा त्रास तुला. खोकल्याचा त्रास तुला. एकांत तुला हवा. रोज त्याच्या कानाशी लागून—

ती बघतच राहिली. "मी कधी म्हटलं असं? वन्सं, शप्पथ! उलट हेच मला सांगायचे, ताईला तुझं बोलणं खुपतं, तू तिच्यासमोर तोंड उघडत जाऊ नकोस."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

चेहरा काय साळसूद केला होता! काच लागल्यासारखी हनुवटी खरचटलेली. पडले, म्हणाली. एका पैचाही विश्वास नाही माझा. जयवंत बेफिकीर असेल, स्वार्थी असेल. पण असा दोन्ही तोंडांनी बोलणारा? माझ्या हाताखाली वाढलेलं पोर आहे ते. मला कळलं नसतं?

मुलुंड, म्हटलं. मंजुळाबाईंचं घर, विचारलं तर कुणीही सांगेल. का सांगितलं कुणास ठाऊक. आणि पाठ फिरवून बसस्टॉपकडे आले.

खोटारडी.

१७ जून

मथुराकाकू भाजीबाजारात भेटली. "बरं केलंस बाई, सुटलीस. आता रोजच चालतं तिथं." काय चालतं, ते विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिली.

२२ जून

आज रविवार. सकाळी दार वाजलं. दूधवाला असेल म्हणून उघडलं.

कुंदा. एक कापडी पिशवी. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

मी दार अडवून उभी राहिले. "किती दिवसांसाठी आलीस?"

ती म्हणाली, "तुम्ही किती दिवसांसाठी आलात?"

मी बाजूला झाले.