माझ्याकडून सही झाली

सोमवार, ३ मार्च

वार्षिक मूल्यमापनाचा कागद मिळाला. चार वर्षांच्या नोकरीवर साहेबांनी एकच वाक्य लिहिलं आहे : ‘हिची कामात मदत होते.’

मला राग आलेला नाही. फक्त नोंद करते की या वाक्यात कर्ता मी नाही. कर्ता मदत आहे. मी ‘हिची’ आहे.

आमची लॅब वजनकाटे तपासते. काट्यावर प्रमाणित वजनं ठेवायची, काटा काय दाखवतो ते पाहायचं. चूक मर्यादेत असेल तर पास, नसेल तर नापास. हे सगळं मी करते. सही साहेब करतात. वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा यंदाही भरणार नाहीत. गरजच नाही म्हणाले, मदत होतेच आहे.

ठरलं. नोकरी बदलायची. जिथे सही माझी असेल अशी. रेझ्युमे रविवारपर्यंत तयार.

मंगळवार, ४ मार्च

जुना रेझ्युमे उघडला. एकूण अकरा वाक्यं. सात ‘मदत केली’ने संपतात. म्हणजे साहेबांनी काही शोध लावलेला नाही. नक्कल केली आहे.

दादाला फोन केला. दादा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. त्याच्या रेझ्युमेनुसार तो कुटुंबांचं आरोग्य घडवतो. म्हणाला, अगं येडे, क्रियापदं बदल, लोक तेवढीच वाचतात. मदत केली म्हणे! मदत काय, शेजारीण पण करते. नेतृत्व केलं, उभारलं, घडवलं, असं काहीतरी दणदणीत लिही. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. म्हणाला, खोटं लिही कोण म्हणतंय, खरंच लिही, पण जोरात.

‘जोरात खरं’ म्हणजे किती जोरात, हे त्याला सांगता आलं नाही. मी ठरवीन.

गुरुवार, ६ मार्च

तक्ता केला. चौसष्ट क्रियापदं, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. मदत केली : १. सहभाग घेतला : २. हाताळले : ४. राबवले : ६. उभारले : ८. नेतृत्व केले : ९. घडवले : १०.

नियम : क्रियापद प्रत्यक्ष कामापेक्षा जास्तीत जास्त दोन गुण वर. त्याहून वर गेलं की वाक्य नापास. काट्यांना जो न्याय लावते तोच स्वतःला. माझ्या ओळखीत एवढं काटेकोर कोणी नाही.

‘हाताळले’पाशी अडकले. प्रमाणित वजनांना हात लावायचा नसतो. बोटांच्या तेलाने वजन बदलतं. ती चिमट्याने उचलायची. म्हणजे ‘वजने हाताळली’ तांत्रिकदृष्ट्या चूक. ‘चिमट्याने उचलली’ बरोबर, पण ते वाचून मला कोणी बोलावणार नाही.

काम थांबवलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

शनिवार, ८ मार्च

दोन गुणांची मर्यादा फारच कडक आहे. चार केली.

खोली वीस अंशांवर ठेवावी लागते, नाहीतर मापं हलतात. एसीचा रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. आता : ‘प्रयोगशाळेच्या पर्यावरण नियंत्रणाचे नेतृत्व केले.’

कपाटाचं कुलूप बिघडलं होतं, किल्लीवाल्याला फोन मी केला. आता : ‘सुरक्षा व्यवस्थेत आमूलाग्र सुधारणा घडवली.’

तिथे गुणांतला फरक सात येतो. पण फोन मी दोनदा केला होता.

रविवार, ९ मार्च

रेझ्युमे तयार नाही. कारण आई.

आई घरी शिवणकाम करते. गळ्यात टेप तसाच ठेवून तिने दोन्ही पानं वाचली. मग म्हणाली, छान आहे गं, पण ही बाई कोण? मी म्हटलं, मी. म्हणाली, आणि तू दिवसभर जे काटे तपासतेस ते कुठंय यात? मी समजावलं की ‘तपासले’ला तीनच गुण आहेत. तिने विचारलं, गुण कोण देतं? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मग वाढव की. मी बापडी कापते, शिवते आणि चुकलं की उसवते. माझ्याकडे बायका तेवढ्यावरच येतात.

तिला मुद्दा कळला नाही. शिवणकामाला रेझ्युमे लागत नाही.

मंगळवार, ११ मार्च

जेवणाच्या सुट्टीत दशांशाला रेझ्युमे दाखवला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी. फार कमी बोलतो, आणि बोलतो ते शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर असतं, म्हणून दशांश.

‘टीमचे नेतृत्व केले’पाशी थांबला. टीममध्ये कोण कोण, असं विचारलं. मी म्हटलं, आपण दोघं. म्हणाला, त्यातली एक तू, म्हणजे नेतृत्व केलंस ते माझं. कधी झालं गं? मी जेवायला गेलो होतो का?

मी हसले नाही.

मग म्हणाला, ते औषध कंपनीचं प्रकरण का नाही घातलंस? तेवढं एक खरं दणदणीत आहे.

ते प्रकरण असं. दोन वर्षांपूर्वी साहेब रजेवर असताना एका औषध कंपनीचा माणूस स्वतः गाडीत काटा घालून घेऊन आला. काट्याच्या ताटलीत मधोमध वजन ठेवलं की बरोबर. कोपऱ्यात ठेवलं की तीन ग्रॅम कमी. मर्यादा अर्ध्या ग्रॅमची. तो माणूस तासभर ओरडत होता. तीन ग्रॅमने काय आभाळ कोसळतंय का, तुम्ही नव्या आहात का, तुमच्या साहेबांना फोन लावा. मी फोन लावला नाही. काटा नाकारला आणि अहवालावर सही केली. लॅबमधली माझी एकमेव सही. साहेब परत आल्यावर म्हणाले, ग्राहक दुखावला गेला. पुढे तो ग्राहक आलाच नाही.

दशांशाला सांगितलं, असल्या गोष्टी रेझ्युमेत घालायच्या नसतात. तक्त्यात ‘नाकारले’ला मी उणे दोन दिले आहेत. तो म्हणाला, बरं. आणि डबा बंद केला.

गुरुवार, १३ मार्च

जाहिरात सापडली. पद : गुणवत्ता तपासणी प्रमुख. ‘अहवालांवर स्वतंत्र सहीचा अधिकार.’ हे वाक्य तीनदा वाचलं. छपाईची चूक नाही ना ते पाहण्यासाठी.

कंपनी तीच. ते औषधवाले. हरकत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत दोन वर्षांपूर्वीचा काटा कोणाच्या लक्षात राहणार?

गुणांची मर्यादा तात्पुरती स्थगित केली. अर्ज पाठवला. शेवटचं वाक्य : ‘मापनसंस्कृती घडवली.’ दादाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, हे मी चोरू का?

शनिवार, १५ मार्च

दोन दिवसांत मुलाखतीचं पत्र! क्रियापदांनी काम केलं. चार वर्षं ‘मदत केली’ लिहून एकाही कंपनीने विचारलं नव्हतं. (अर्ज एकाही कंपनीला केला नव्हता, हे खरं. पण केला असता तरी विचारलं नसतं.)

दशांश म्हणाला, दोन दिवसांत? कमाल आहे, वाचला तरी का? मत्सर माणसाला कसा बोलायला लावतो.

गुरुवार, २० मार्च

मुलाखत उत्तम झाली. क्रमाने लिहिते.

समोर दोघं. एचआरच्या बाई आणि कारखान्याचे प्रमुख. बाईंनी विचारलं, पर्यावरण नियंत्रणाचं नेतृत्व म्हणजे नेमकं काय केलंत? मी म्हटलं, खोली वीस अंशांवर ठेवली. कशाने? रिमोटने. त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेतात म्हणजे महत्त्वाचं असतं.

मग प्रमुखांनी चष्मा काढला आणि मी ओळखलं. तोच माणूस. तेव्हा दाढी नव्हती.

त्यांच्या हातात जुना अहवाल होता. म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आमचा एक काटा तुमच्याकडे नापास झाला, खाली तुमची सही दिसते. तो तुम्हीच नाकारला होतात ना?

सापळा. मी शांत राहिले. म्हटलं, साहेब रजेवर होते, त्यामुळे तसं झालं. काटा नाकारला गेला. माझ्याकडून सही झाली.

ते म्हणाले, अहो पण ठरवलं कोणी? मी तासभर तुमच्यावर ओरडत होतो, आठवतंय ना? मी म्हटलं, ठरलं तसं. पद्धतीनुसार होतं ते. त्यांनी विचारलं, आणि आज तसाच काटा आला तर? मी म्हटलं, वरिष्ठांना विचारलं जाईल.

त्यांनी चष्मा घातला. बाईंकडे पाहिलं. आभार मानले.

इतका नाजूक प्रसंग, पण स्वतःला डाग लागू दिला नाही. बाकीच्या मुलाखतीत दणदणीत क्रियापदं सत्तावीस वापरली (मोजली). या एका प्रश्नात एकही नाही. याला म्हणतात प्रसंगावधान. बाहेर पडताना ‘प्रसंगावधान राखले’ तक्त्यात घातलं. आठ गुण.

शुक्रवार, २१ मार्च

राजीनाम्याचा मसुदा तयार केला. ‘मी राजीनामा देत आहे.’ छोटं वाक्य, कर्ता पहिलाच शब्द. साहेबांना दिला नाही. योग्य वेळ पाहून.

साहेबांनी विचारलं, काल सुट्टी कशाला घेतली? मी म्हटलं, दाताचं काम होतं. उद्या ते माझ्या सहीचे अहवाल वाचतील, म्हणून सोडून दिलं.

सहीचा थोडा सराव केला. एक पान. दोन्ही बाजू.

मंगळवार, २५ मार्च

ईमेल नाही. मोठ्या कंपन्यांत वेळ लागतो. आई म्हणाली, तू दर दहा मिनिटांनी फोन बघतेस. चूक. मोजलं, सरासरी सात मिनिटं.

शुक्रवार, २८ मार्च

ईमेल आली. ‘आपली निवड होऊ शकली नाही, याचा खेद वाटतो.’

मला वाईट वाटलेलं नाही. भाषा मात्र अत्यंत ढिसाळ. निवड होऊ शकली नाही म्हणजे काय? करणारं कोणीच नव्हतं? खेद कोणाला वाटतो? एवढ्या मोठ्या कंपनीने सरळ लिहावं की आम्ही तुम्हाला निवडलं नाही. हे कळवण्यासाठीच एचआरच्या बाईंना फोन केला.

बाई भल्या निघाल्या. म्हणाल्या, खरं सांगू का, तुमचा रेझ्युमे आम्ही नीट वाचलाच नव्हता. सरांनीच तो जुना अहवाल काढून ठेवला होता, त्यावरचं नाव अर्जात दिसलं म्हणून लगेच बोलावलं. त्या अहवालामुळे आम्ही बाकीचे सगळे काटे तपासून घेतले, चार बिघडलेले निघाले. सर म्हणत होते, जी मुलगी माझ्या तोंडावर नाही म्हणाली ती इथे हवी. पण तुम्हीच म्हणालात ना, की ते तुम्ही केलं नाही म्हणून?

मी म्हटलं, धन्यवाद. बाई म्हणाल्या, अय्या, तुम्हाला वाईट वाटलं का? मी म्हटलं, नाही, नेटवर्क जातंय. नेटवर्क पूर्ण होतं. पाच काड्या.

मधोमध ठेवलं की बरोबर. कोपऱ्यात ठेवलं की कमी दाखवते. असा काटा मी दोन मिनिटांत पकडला असता.

घरी आई बाही टाचत होती, तोंडात टाचण्या. टाचण्यांमधूनच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, निवड होऊ शकली नाही. तिने विचारलं, कोणाकडून? मी म्हटलं, तसं नाही गं, परिस्थितीच अशी निर्माण झाली की. ती म्हणाली, कापड काय आपोआप कापलं जातं का? नीट सांग.

मी म्हटलं, मी घालवली.

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणाली, हां, आता कळलं. मग सगळं सांगितलं. रिमोटच्या उत्तराला ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. नंतर एक चुकलेली बाही माझ्यापुढे टाकून म्हणाली, घे, उसव. दोन तास उसवत बसले. सरळ रेषेत.

तक्ता उघडून ‘घालवली’ घातलं. क्रियापदाचे गुण आठ, प्रत्यक्ष कामाचे गुण आठ, चूक शून्य. आधीच्या पासष्टपैकी एकाही क्रियापदाला हे जमलं नव्हतं. आता एकूण सहासष्ट.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी टेबलावर खोकं. आत वजनकाटा. औषध कंपनीचा, तोच. दुरुस्त करून आणलेला. वर चिठ्ठी : ‘मागच्या वेळी ज्यांनी नाकारला त्यांनीच तपासावा. सही त्यांचीच हवी.’

साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. म्हणाले, असं काय आहे तुमच्या सहीत? मग म्हणाले, ठीक आहे, ग्राहक परत आलाय, सांभाळून घ्या.

राजीनाम्याचा मसुदा ड्रॉवरमध्ये आहे. रिमोटच्या खाली.

काटा तपासला. मधोमध बरोबर. तीन कोपरे बरोबर. चौथा कोपरा एक ग्रॅम कमी. चिमट्याने वजन उचलून पाच वेळा ठेवलं. पाचही वेळा एक ग्रॅम. मर्यादा अर्ध्याची. दशांश मान वर न करता म्हणाला, किती? मी सांगितलं. म्हणाला, मग?

अहवालाच्या फॉर्मवर छापलेलं असतं : ‘सदर उपकरण स्वीकारण्यात / नाकारण्यात आले.’ नको ते खोडायचं. मी दोन्ही खोडलं. वर पेनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘सदर उपकरण मी नाकारले.’ खाली सही केली. सराव कामी आला.

दहा मिनिटांत साहेबांनी फॉर्म परत पाठवला. नकाराबद्दल एक शब्द नाही. कोपऱ्यात लाल पेनाने फक्त एवढंच : ‘खाडाखोड चालत नाही.’

नवा फॉर्म भरण्यात आला.