इरावतीला रोज एकच मेसेज

२ मार्च
इरावती चार दिवस म्हणून मुलुंडला आईकडे गेली, त्याला तीन आठवडे झाले. जाताना म्हणाली होती, "तू कधी आपणहून विचारत नाहीस रे, जेवलीस का म्हणून." एवढंच ना! आमची कंपनी दवाखान्यांच्या पेशंटना लसीची आठवण पाठवते. त्याच सर्व्हरवर एक छोटं काम लावून दिलं. रोज दुपारी दीडला तिला मेसेज: जेवलीस का? आता विसरायचा प्रश्नच नाही. झकास.

३ मार्च
इरावतीचा फोन! आपणहून!! म्हणाली, "एकच गोष्ट तीनदा का विचारतोस?" आवाज चिडका होता, पण फोन आला हे महत्त्वाचं. समजावलं तिला: सर्व्हर नुकतेच एकाचे तीन केलेत, एक पडला तर बाकीच्यांनी सांभाळावं म्हणून. दीड वाजला की प्रत्येकाला वाटतं, काम आपलंच. तिने ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तू विचारतच नाहीस." तांत्रिक गोष्टी तिला जरा उशिरा कळतात. उद्या दुरुस्त करणार. नक्की.

६ मार्च
राहिलं. तसंही बायकोला तीनतीनदा विचारणारे नवरे किती असतात?

९ मार्च
वाट लागली. पेशंटनाही तीनतीन मेसेज. विक्रोळीच्या एक बाई तीन इंजेक्शनं समजून रडत दवाखान्यात गेल्या. साहेब, म्हणजे देवव्रत, सगळ्यांसमोर ओरडले. शेजारच्या टेबलावरची रश्मी म्हणाली, "डेटाबेसमध्ये कुलूप ठेव ना यार. जो सर्व्हर आधी घेईल त्याने काम करायचं, बाकीचे गप्प." म्हटलं, तेच करणार होतो. मग तिने विचारलं, "आणि हे 'जेवलीस का' कुठल्या दवाखान्याचं?" टेस्टिंग, म्हटलं.

११ मार्च
प्रत्येक कामाला वेगळं कुलूप लावलं. दीडला एकच मेसेज गेला. इरावतीचं उत्तर: "हं." सुरुवात चांगली आहे.

२० मार्च
इरावतीची एकही तक्रार नाही. समाधानी दिसते. काल पाडव्याला श्रीखंड घेऊन जाणार होतो. पण मेसेज जातोच आहे रोज, मग उगाच कशाला घाई?

२४ मार्च
मेसेज जात नव्हता.
बारा तारखेला एका सर्व्हरने कुलूप घेतलं आणि तसाच बंद पडला. नंतर चालू झाला, पण कुलूप अडकलेलंच. तिघेही गप्प. ठरावीक वेळाने आपोआप उघडावं अशी मुदत कुलपाला घालायची राहून गेली. पेशंटची कामं नीट चालली होती, म्हणून कोणाला कळलं नाही. मलाही.

२५ मार्च
मुलुंडला गेलो. सगळं सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "मेसेज थांबले तेव्हा बरं वाटलं मला. वाटलं, मशीन बंद केलंस, आता तू विचारशील. पाडव्यापर्यंत रोज दीडला फोन घेऊन बसायचे रे."
म्हटलं, आता मुदत घातली आहे, पुन्हा अडकणार नाही.
ती हसली. एकंदरीत भेट चांगली झाली.

३० मार्च
मेहुणीचा, अपूर्वाचा, फोन. इरावतीने नागपूरला बदली मागून घेतली होती. काल गेली. नवा नंबर द्यायचा नाही असं सांगून गेली. फोन ठेवला.
ऑफिसात येऊन ते काम काढून टाकलं. दीडला रश्मीने तिन्ही सर्व्हर तपासले. म्हणाली, आता सगळं बरोबर चाललंय.