उंदराची गाठ, अक्कांची गाठ

पौष शु. ४, सोम.
मुंबईहून ह्यांचं पत्र. प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतात, गाठी मोजून वहीत मांडतात. नव्या औषधानं एका उंदराची कर्करोगाची गाठ विरली म्हणे. माझ्यासाठी एकच ओळ. चारदा वाचली.
मामंजींना दिसत नाही, म्हणून मी इथं. नाहीतर...
नणंदेला, अक्कांना, पत्र वाचून दाखवलं. आईमागं ह्यांना त्यांनीच वाढवलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग माझा हात धरून पदराखाली छातीवर ठेवला. लिंबाएवढी गाठ. दसऱ्याआधीपासून.

शु. ६
पत्र टाकलं. औषध घेऊन लगेच या. ‘या’ लिहिताना हात थांबला. अक्कांसाठीच लिहिलं का ते?

व. १
अक्कांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, देर झाली, ऑपरेशनला मुंबईला न्या. अक्का टांग्यात निवांत. भाऊ औषध आणतोय, मग मुंबई कशाला?

व. ९
उत्तर. औषध आणणार नाहीत. त्याच औषधानं बाकीचे उंदीर मेले. शिवाय त्यांच्या अंगात गाठ प्रयोगशाळेतले लोकच लावतात, चार दिवसांत वाढते. अक्कांची आपली आपण, कैक वर्षांत झालेली. तिथं चाललं ते इथं चालेलच असं नाही. पुढं लिहितात, ‘उंदीर नसते तर हे औषध सरळ माणसाला दिलं असतं. तेवढं ते वाचवतात. पुढचं सांगत नाहीत.’
अक्कांना वाचून दाखवताना मेलेले उंदीर गाळले. मग राहवेना, सगळं वाचलं.
अक्का म्हणाल्या, “उंदराला कुणी इचारलं न्हाय. मला इचारा. म्या व्हय म्हणते.”

माघ शु. २
हे आले. करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी ट्रंक तपासली, म्हणून उशीर. लई वाळलेत. बोटांवर चावल्याचे व्रण. अक्कांनी पुन्हा औषधच मागितलं.
“अक्का, तुझी गाठ मला वहीत मांडता येणार नाही.”
एवढंच बोलले. अक्का रडल्या, मग ऑपरेशनला तयार झाल्या. आमचं दोघांचं बोलणं राहिलंच.

शु. ४
येडशी स्टेशनवर दोघांना सोडलं. गाडी हलली तेव्हा हे अक्कांची शाल सारखी करत होते. वर पाहिलं तोवर मी मागं पडले होते.

व. २
कार्ड. ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण दुखणं बगलेतही पसरलेलं निघालं. अक्का माझं नाव घेतात. कधी आणणार, लिहिलेलं नाही.
मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी चाचपडत कार्ड हातात घेतलं. मग म्हणाले, “तू जा. माझं मी बघतो.”
माझी ट्रंक खाली काढली आहे, अजून भरली नाही.