एका फळीवरच्या दोन विहिणी

मी, कृष्णाबाई काळुराम ठाकूर, वय वर्षे चौसष्ट, धंदा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत, सकाळचा नाश्ता करून आणि कोणाचंही न ऐकता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. न ऐकण्याची सवय मला लहानपणापासून असल्याने माझ्यावर कोणी दडपण आणलं असेल अशी शंका कोर्टाने घेऊ नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलांनी या कागदातली बरीच वाक्यं अनावश्यक म्हणून खोडली होती. ती मी सुनेकडून परत टाईप करून घेतली आहेत.

माझ्या प्रकृतीविषयी सांगायचं तर मला फॅटी लिव्हर आहे, ग्रेड एक. या ग्रेडला कोणी मरत नाही असं माझा मुलगा जितेश म्हणतो. तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जातो, डॉक्टर नाही. मरणाची घाई मलाही नाही. मृत्युपत्राची आहे, आणि ती का, ते शेवटच्या कलमात सांगितलं आहे.

१. रामवाडीचं राहतं घर जितेश आणि त्याची बायको मनाली या दोघांना सारख्या हिश्शाने मिळावं. विकायचं मनात आलं तर दोघांनी आधी एकमेकांशी बोलावं, मग दलालाशी.

२. कारखाना, त्यातले साचे, फळ्या, रंगाची मशीन आणि डोळे आखण्याचे सगळे ब्रश मनालीला एकटीला. जितेशने वाईट वाटून घेऊ नये. त्याने एकदा हौसेने एका मूर्तीचे डोळे आखले होते. ते बघून गिऱ्हाईक मला म्हणालं, "बाय, बाप्पा कशाला घाबरलाय?" ती मूर्ती शेवटी आम्हीच घरी पुजली. मनाली आखणीला बसते तेव्हा मात्र आमचे जुने कारागीरसुद्धा गप्पा थांबवून बघत राहतात. तिचं मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, म्हणून इथे करते.

३. पोस्टातली ठेव नात किमया हिच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी वापरू नये. लग्नात कोणाची कोण विहीण होईल याचा नेम नसतो.

४. पुतण्या रितेश याला भुईआवळ्याच्या पावडरीचा डबा परत करावा. डबा भरलेलाच आहे. हा मुलगा रोज सकाळी मला फोनवर लिव्हर धुऊन काढायचे उपाय पाठवतो. कधी लिंबू, कधी दुधी, कधी कसली मुळी. मी त्याला विचारलं, "लिव्हर काय गोधडी हाय का रे, धुवून वाळत घालायला?" त्यावर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मुलगा मनाने चांगला आहे.

५. माझ्या कपाटातली औषधं मी कोणालाही देत नाही आणि कोणी ती वाया जातात म्हणून खाऊ नयेत. डॉक्टर नमिता शेडगे यांच्याकडे नेऊन द्यावीत. हे कलम लांबणार आहे, कारण विहिणीशी माझं भांडण यातूनच झालं.

दोन वर्षांमागे गणपतीची धावपळ संपल्यावर मनालीने मला आणि तिच्या आईला एकाच दिवशी सोनोग्राफीला नेलं. तिची आई म्हणजे माझी विहीण, चंद्रावती कान्हू भोईर, राहणार रोहा. दोघींच्या पोटावर तीच थंडगार जेली आणि दोघींचा रिपोर्ट अक्षर न् अक्षर सारखा. फॅटी लिव्हर, ग्रेड एक. आम्हाला आनंदच झाला. विहिणींचं इतकं कुठे जुळतं? बाहेर येऊन आम्ही एकाच बशीत कांदाभजी खाल्ली.

पुढे डॉक्टर वेगळे झाले. मला साखर नाही, म्हणून डॉक्टर नमितांनी व्हिटॅमिन ई लिहून दिलं, तेही मी हटून बसले म्हणून. त्या म्हणत होत्या, पहिल्या पायरीवर खरं औषध वजन उतरवणं हेच, गोळ्या लागतात त्या लिव्हर सुजलेल्यांना. मी म्हटलं, मग सुजेपर्यंत थांबू का? चंद्रावतीला साखर आहे, म्हणून रोह्याच्या डॉक्टरांनी तिला पायोग्लिटाझोन दिली. ते नाव तिच्या जिभेवर बसायला बरेच दिवस गेले, पण एकदा बसल्यावर ती ते भाजीवालीलाही ऐकवू लागली. मला म्हणाली, "तुझी कॅप्सूल बघ गो, माशाच्या डोल्यासारखी. माझी गोली बारीक, पन काम मोठा."

तेव्हा कोणाचं औषध चांगलं हे ठरवायला मी आमच्या कारखान्याची रीत लावली. नवा रंग आला की आम्ही एकाच साच्यातल्या दोन मूर्ती घेतो. एकीला जुना रंग द्यायचा, दुसरीला नवा. दोन्ही एकाच फळीवर ठेवायच्या, सारख्या वाऱ्यात, आणि मग कोणी हात लावायचा नाही. जी चांगली निघेल तिचा रंग घ्यायचा. आम्ही दोघी वयाने सारख्या, अंगाने सारख्या, ग्रेडने सारख्या. साचा एकच होता. फळी तेवढी एक करायची राहिली होती. म्हणून मी पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि सुक्या कोलंबीचे सोडे घातलेला भात असा डबा भरून जितेशबरोबर रोह्याला पाठवू लागले, आणि तेच, तेवढंच स्वतः खाऊ लागले. थंडीत तिकडून वालाच्या शेंगांची मडक्यात भाजलेली पोपटी यायची, तीही निम्मी तिकडे, निम्मी इकडे. चालणं, व्यायाम आणि उपास दोघींनाही बंद. नाहीतर गुण आला तो गोळीचा की चालण्याचा, कसं कळणार?

डॉक्टर नमितांनी हे ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "कृष्णाबाई, दोन औषधं ताडून बघायला शेकडो माणसं लागतात, दोन विहिणी पुरत नाहीत. आणि तुम्ही औषध तपासतच नाही आहात, पापड तपासताय." मधल्या सोनोग्राफीत दोघींची ग्रेड तीच आली आणि वजन दोघींचंही वाढलं. मी सगळ्यांना सांगितलं, बरोबरी झाली.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर परत सोनोग्राफी झाली. माझी ग्रेड एक. चंद्रावतीचं लिव्हर साफ. मला हार मानता येत नाही असं लोक म्हणतात, पण मी त्या दिवशी पेढे आणले होते. पायोग्लिटाझोन जिंकली असं म्हणून पहिला पेढा तिच्या तोंडात घातला. तो तोंडात असतानाच ती बोलली, "गोलीचा काय नाय गो. मागच्या सोनोग्राफीपासून मी रोज सकाली कुंडलिका नदीच्या काठान चालते. नि तुझं पापड शेजारी वाटते."

फळीवरची मूर्ती कोणी मधेच उचलून उन्हात फिरवून आणली, तर सगळी पारख फुकट गेली असं आम्ही धरतो. मी तिला लेकीजावयासमोर लबाड म्हटलं. ती म्हणाली, "मी काय मूर्ती हाय, तुझ्या फलीवर बसून रवायला?" आणि चहा न घेता रोह्याच्या गाडीला निघून गेली.

त्यानंतर ती पेणला आलेली नाही. यंदा गणपतीलासुद्धा नाही. मनाली माहेरी जाऊन येते आणि तिकडचं अक्षरही बोलत नाही. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "आई, तुमच्या दोघींच्या लिव्हरपायी माझ्या डोक्याला ताप झालाय." तिचं बरोबर आहे.

६. माझ्या पलंगाखालचे निळे बूट. मी सकाळी घरचे उठायच्या आत एसटी स्टँडपर्यंत चालून येते. वजन उतरायला लागलं आहे. हा कागद टाईप होईपर्यंत हे डॉक्टर नमितांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. माझा पाय रुंद असल्याने हे बूट दुसऱ्या कोणाला व्हायचे नाहीत. टाकून द्यावेत.

७. विहीणबाई चंद्रावती यांना मी काहीही देत नाही. साडी नाही, भांडं नाही, शाडूचा गोळासुद्धा नाही. हे रागाने लिहिलेलं नाही. वकिलांनी मला सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याला साक्षीला बसवू नये. आणि असंही सांगितलं की साक्षीदाराला लिहिणाऱ्यासमोर स्वतः यावं लागतं. फोनवर भागत नाही, लेकीच्या हाती निरोप पाठवून चालत नाही. हे ऐकल्यावर मी त्याच दिवशी मृत्युपत्र करायचं ठरवलं.

मी मेल्यावर चंद्रावती येईलच. नात्याने तिला यावंच लागेल, आणि ती रडेलही, मला तिचा स्वभाव माहीत आहे. पण तेव्हा ती आलेली मला दिसणार नाही. मला ती माझ्यासमोर खुर्चीत बसलेली पाहिजे. तिच्याशी भांडल्यावरही घरात बोलायला माणसं पुष्कळ आहेत, पण माझ्या वयाचं आणि माझ्या रिपोर्टचं कोणी नाही. मला तिची फार आठवण येते. औषधाचा निकाल लागलेला नाही आणि मी तो आता मागत नाही.

म्हणून या कागदावर एक साक्ष चंद्रावतीचीच राहील, तिच्या जागी दुसऱ्या कोणाची घेऊ नये. तसा निरोप तिला गेला आहे. ती आली नाही तर हे मृत्युपत्र पुरं होणार नाही आणि कारखाना मनालीला एकटीला मिळणार नाही, हेही तिला कळवलं आहे. येणं न येणं तिच्या मर्जीवर.

ठिकाण: रामवाडी, पेण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: कृष्णाबाई काळुराम ठाकूर

साक्षीदार:

डॉ. नमिता शेडगे, पेण. कृष्णाबाईंची बुद्धी शाबूत आहे आणि वजन उतरतं आहे. पापडाबद्दलचा माझा सल्ला कायम आहे.

चंद्रावती कान्हू भोईर, रोहा. सही माझ्यासमोर केली. मला पन मृत्युपत्र कराचा हाय आनि त्याला साक्षीला मला हीच पायजे, तवा हिनं माझ्या आधी मराचा नाय.