काळंनिळं

प्रिय शिवकांता,

नर्स म्हणाली, तुझ्या जबड्याला तार बांधलीय, बोलता येत नाही. म्हणजे शाळेपासूनच्या ओळखीत पहिल्यांदाच तू माझं म्हणणं मध्येच न तोडता ऐकणार. ही संधी मी सोडत नाही.

आधी तुझ्या यंत्राची खबर. पत्रा चेपलाय, पंखा मात्र अजून फिरतो. कळंबच्या भंगारवाल्याकडून तो मोडका कूलर आणला तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, ह्यातून गार वारं येणार न्हाय." तू त्यात माश्या मारायच्या यंत्रातल्या जांभळ्या नळ्या बसवल्यास आणि पंखा त्या नळ्यांनाच वारा घालायला ठेवलास. जुन्या तसबिरीची काच, मागं प्लायवूड, बिजागऱ्या, कडेनं चिमटे, अशी चौकट केलीस. फोटोची उलटी फिल्म, म्हणजे निगेटिव्ह, औषध लावलेल्या कागदाला घट्ट चिकटली पाहिजे, नाहीतर चेहरा पुसट उमटतो, हे तू मला इतकं ऐकवलंस की मी संस्कृतच्या बाईच्या अधिकारानं जांभळ्या उजेडात निळे फोटो उमटवणाऱ्या त्या छपाईचं 'नीलमुद्रा' असं बारसं केलं. तू म्हणालीस, "अगं, हे ऐकून गिऱ्हाईक पळंल."

गिऱ्हाईक पळालं नाही. लोक घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन येत, तू ते निळ्यात छापून देत होतीस. दोरीवर मेलेल्यांचे निळे चेहरे वाळत, खिडकीत जांभळा उजेड, आणि रंग गडद व्हावा म्हणून धुवायच्या पाण्यात पिळलेल्या लिंबांची सालं दारात. गल्ली यातून काय वाचेल, हे आपल्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. गल्लीतल्या हरिबाची सून घुमायला लागली आणि दुपारपर्यंत ठरलं, ही भानामती शिवकांताचीच.

मी शाळेतून आले तेव्हा अंगण भरलं होतं. "कोंबा तिच्या तोंडात लिंबं!" असं ओरडत होते आणि कोंबतही होते. केसाला धरून तुला फरफटत आणलं. नळ्या एकेक करून तुझ्या पाठीवर फोडल्या. काच डोक्यात घातली. बोटांवर कूलर आदळला. तू मला पाहिलंस, "प्रेमा, घरात जा गं" म्हणालीस, आणि तेवढ्यात जबड्यावर दांडा बसला. मी तुझ्या अंगावर पडले तेव्हा कुठं ते थांबले. बाईंना कसं मारायचं, म्हणून.

'काळंनिळं' हा शब्द मी वर्गात द्वंद्व समास म्हणून शिकवते. दवाखान्यात तुझी पाठ उघडी केली तेव्हा त्याचा विग्रह करायचा धीर झाला नाही.

काल फौजदार आले तर तू डाव्या हातानं कागदावर "जिन्यावरून पडले" असं लिहून दिलंस म्हणे. शिवे, तुझ्या घराला जिना नाही. का लिहिलंस ते मला कळतं. जबड्यावर बसलेला दांडा माझ्या सुरजच्या हातात होता. तुला वाटलं, मी पाहिलं नाही. मी पाहिलं. आज सकाळी ठाण्यात जाऊन पहिलं नाव त्याचं दिलं, बाकीची नंतर. त्याला नेताना तो नुसतं "आई" म्हणाला. त्याचे वडील माझ्याशी बोलत नाहीत, आणि घरात चूल पेटलेली नाही. उद्या फौजदार परत तुझ्याकडं येतील. माझ्यासाठी म्हणून तो जिना पुन्हा बांधू नकोस.

तुझीच,
प्रेमा