एका घाण्यातली दोन घड्याळं

ग्वांगझू,
४ मार्च २००२

चि. सुयिन हिस दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर धड बोलता येत नाही, शेजारचे गाळेवाले कान टवकारून बसलेले असतात. साखरपुडा ठरल्याचं वाचून मी एकटाच हसत सुटलो. शेजारच्याने विचारलं, लॉटरी लागली का. म्हटलं तसंच समज, आमच्या मास्तरणीला कुणीतरी पसंत केलं एकदाचं!

रीतीप्रमाणे जावयाच्या मनगटात मुलीकडचं घड्याळ जायला हवं. बाबा असते तर त्यांनी पाहिलं असतं, आता ते माझ्याकडे आलं. अस्सल स्विस घड्याळ घेणं माझ्याच्याने व्हायचं नाही. मी पोटासाठी नकली बनवतो हे तुला ठाऊक आहे. पण असं नकली मी आजवर बनवलं नव्हतं बघ. तबकडी मनासारखी मिळेना म्हणून परत परत बदलली, काटे हाताने घासून बसवले, मशीन सगळं उकलून धुतलं. हे होणारे जावई बोरुईराव आहेत तरी कोण, असं विचारत मालक माझी टिंगल करतो.

हे घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं. काढून पेटीत ठेवलं की रुसून बंद पडतं, तेव्हा जावईबापूंना रोज घालायला सांग. आणि ते भावाने बनवलेलं आहे हे त्यांच्या घरी सरळ सांगून टाक. आमच्याकडे भज्यांसारखे घाणे निघतात. एका घाण्यातल्या सगळ्या घड्याळांच्या पाठीवर एकच नंबर कोरलेला असतो. उगाच अस्सल म्हणून मिरवायला जाऊ नका.

आईला जप. या गरिबावरची माया आहे तशीच ठेव.

तुझा दादा,
हानतोंग


पुनिंग,
१६ मार्च २००२

ती. दादास सुयिनचा सा. न.

घड्याळ मिळालं. किती देखणं रे! आईने आधी हातच लावला नाही. भिंतीवरचं घड्याळ भेट देणं म्हणजे माणसाला शेवटचा निरोप देणं, आपल्या भाषेत दोन्हीचा उच्चार एकच, म्हणून ती घाबरली. मनगटावरच्या घड्याळाला शब्दच वेगळा आहे, असं समजावलं तेव्हा कुठे तिने ते डोळे भरून पाहिलं.

बोरुईला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला की दुकानातल्या घड्याळापेक्षा मला हेच मोलाचं. पण त्याच्या वडिलांना, त्साय शेठना, एवढ्यात सांगू नकोस म्हणाला. शेठकडेही त्याच कंपनीचं घड्याळ आहे, हाँगकाँगच्या कुणा बड्या माणसाकडून घेतलेलं. झोपतानाही काढत नाहीत म्हणे! नकली म्हटलं की नाक मुरडतील. लग्न होऊन जाऊ दे, मग मीच सांगेन, असं म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने नुसतं पाहिलं तरी मी हो म्हणते, आता हसू नकोस.

सुट्टी मिळाली तर ये. तुझ्या मायेवरच आम्ही दोघी आहोत.

सुयिन


पुनिंग,
२ एप्रिल २००२

ती. दादास सा. न.

सगळं धुळीला मिळालं, दादा. तू आला नाहीस तेच बरं झालं.

साखरपुड्याची जेवणं झाली होती, चहा फिरत होता. शेठनी कौतुकाने आपलं घड्याळ काढलं, बोरुईचं काढायला लावलं आणि बापलेकाची जोडी म्हणून दोन्ही पाहुण्यांपुढे ठेवली. बोरुईच्या मामांना उत्साह आला. कुणाच्या नंबरात शुभ आठ जास्त आहेत ते पाहू, म्हणत त्यांनी भिंग मागवलं. शेठचा नंबर मोठ्याने वाचला, मग बोरुईचा वाचला. सगळे खो खो हसले. मामांनी चुकून तेच घड्याळ परत उचललं असं वाटलं सगळ्यांना. मामांनी पुन्हा वाचलं. मग कुणी हसलं नाही.

बोरुईने सांगितलं की हे सुयिनच्या भावाने बनवलेलं आहे. पण तोवर सगळे शेठच्या घड्याळाकडे बघत होते. आपलं नकली निघालं याचा त्यांना राग नाही रे. त्यांचं नकली निघालं, तेही गावासमोर, आणि ते आपल्यामुळे.

मध्यस्थ लुओ काकू शेठचा निरोप घेऊन आल्या होत्या. शेठ गेल्या वर्षी ग्वांगझूला आले होते. तेव्हा त्यांचं घड्याळ तुझ्याकडे सफाईला होतं आणि तू त्यावरचा नंबर चोरून उतरवलास, असं तू सगळ्यांसमोर कबूल करायचं. मग शेठचं अस्सल ठरतं आणि लग्न होतं. मी तुला ये म्हणत नाही. पण बोरुईवाचून मला काही सुचत नाही.

सुयिन


ग्वांगझू,
६ एप्रिल २००२

चि. सुयिनला अ. आ.

रडू नकोस. रविवारच्या बसने येतो. ज्याने आयुष्यभर खोटं बनवलं, त्याला खोटं बोलायला काय लागतं? शेठचं घड्याळ मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण असा बोलेन की माझाच त्यावर विश्वास बसेल. आईला संत्री आणून ठेवायला सांग, रिकाम्या हाताने जायचं नाही.

दादा


पुनिंग,
१७ एप्रिल २००२

ती. दादास सा. न.

तू किती खुशीत बसमध्ये चढलास! शेठनी तुला स्वतःच्या हाताने चहा दिला, पाठीवर थाप मारली, पाहुणे माना डोलवत होते. तू खिडकीतून मला लग्नात नाचायची धमकी दिलीस. ते आठवलं की जीव नकोसा होतो.

संध्याकाळी लुओ काकू आल्या. त्यांच्या हातात बोरुईचं घड्याळ होतं आणि संत्री होती. आपल्याकडे पाहुण्याची संत्री ठेवून घरची जोडी परत देतात ना? ही आपलीच होती, आईने लाल दोरा बांधून तुझ्याबरोबर दिलेली. शेठ म्हणाले, माझं नाव स्वच्छ झालं, त्याबद्दल आभार. पण गिऱ्हाइकाच्या वस्तूवरचा नंबर चोरणाऱ्या घराशी आमची सोयरीक जमणार नाही.

तूच कबूल केलंस ना, दादा. सगळ्या गावासमोर.

बोरुई दोनदा शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. बापापुढे त्याचं तोंड उघडत नाही. मी आत गेले. आई ती संत्री खाऊही देत नाही, टाकूही देत नाही.

तू स्वतःला बोल लावू नकोस. माझ्यासाठीच आला होतास.

सुयिन


ग्वांगझू,
२२ सप्टेंबर २००२

चि. सुयिनला अ. आ.

हे तुला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो. काल बोरुई गाळ्यावर आला होता. वाळलाय. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, शांतौच्या मुलीशी. शेठचं घड्याळ बंद पडलंय आणि लग्नाच्या दिवशी ते हातात चालू हवं. दुसऱ्या कुणाकडे उघडायला द्यायची शेठना भीती वाटते. तेवढी अक्कल आहे म्हणायची.

मी झाकण काढलं. तुला माहीत आहे, मी जुळवलेल्या प्रत्येक घड्याळात आतल्या एका स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देतो, परत आलं तर ओळखू यावं म्हणून. तो ठिपका होता, सुयी. कधी, कुणाला विकलं गेलं, काही आठवत नाही. हजारो जातात हाताखालून.

बोरुईने मला विचारलं की घड्याळ खरं आहे का. क्षणभर वाटलं, सांगावं आणि शेठची मिजास उतरवावी. पण त्याने तुझं काय परत येणार होतं? अस्सल आहे म्हणालो. धुतलं, तेल दिलं, नीट लावून दिलं. ऐन लग्नात बंद पडायचं नाही. त्याने तुझं विचारलं नाही. जाताना मात्र माझा हात सोडेना.

मला फार वाईट वाटतं गं. काय लिहू?

दादा


पुनिंग,
३ ऑक्टोबर २००२

ती. दादास सा. न.

दुरुस्त करून दिलंस ते बरं केलंस. त्याच्या लग्नात काही बिघडायला नको.

परत आलेलं घड्याळ मी पेटीत ठेवलं होतं. दोन दिवसांनी पाहिलं तर बंद. तू इतक्या मायेने बनवलेलं, ते असं पडलेलं बघवेना. म्हणून आता मीच घालते. पट्टा मोठा होतो, कोपरापर्यंत चढतो. पोरं हसतात आणि मुद्दाम सारखी वेळ विचारतात. सांगते. वर्गात, वाटेने, आईला औषध देताना, सगळ्यांना त्याच घड्याळात पाहून सांगते.

वेळ अगदी बरोबर दाखवतं, दादा.

तुझी माया मनगटावर घेऊन फिरते आहे, तेवढी राहू दे.

सुयिन