परतलेलीचा हक्क

२ नोव्हेंबर, रविवार
नव्या गावातला पहिला आठवडा झकास गेला. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी, मागेच दोन खोल्या, लेकीची शाळा हाकेच्या अंतरावर. तिच्या वेण्या तेवढ्या मला जमत नाहीत. आज एक कानाच्या वर, एक खाली. म्हणाली, मी वाकडी चालले की सरळ दिसतील. तिची आई गेल्यापासून प्रथमच दोघं पोटभर हसलो.

शेजारच्या शिंप्यानं मंडळात ओढलं. त्याच्या दुकानाच्या माळ्यावर दर रविवारी दुपारी दहाबारा जण टीव्हीवरच्या ‘परतलेली’ मालिकेचा कीस पाडतात. मेलेली बाई घरी येते, आधी राहिलेली कामं उरकते, मग आपलं माणूस घेऊन जाते. मात्र घरातल्या कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय तिला उंबरठा ओलांडता येत नाही. मालिका जिथे मोघम, तिथे मंडळ हात वर करून नियम ठरवतं. कोर्टातले निवृत्त कारकून तो वहीत लिहितात. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात आणि तेही कधी नाही म्हणत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार
आज उंबरठ्याचा वाद. मंडळातल्या एक नर्सबाई म्हणाल्या, तो नियम आहे म्हणून जिवंत माणसं सुखानं निजतात. मला राहवेना. उठलो. म्हटलं, जिनं घर उभं केलं, जिच्या हातच्या घड्या अजून ट्रंकेत तशाच आहेत, तिनं दारात उभं राहून परवानगी मागायची? जिवंतांना दाराबाहेर ठेवणाऱ्यांची बाजू मी जन्मात घेतली नाही, मग मेलेल्यांनी काय घोडं मारलंय? माणूस मेलं म्हणून त्याचा हक्क मरतो का?

टाळ्या थांबेनात. नऊ विरुद्ध दोन. उंबरठा रद्द.

जिना उतरताना नर्सबाई हळूच म्हणाल्या की या वहीत लिहिलेलं वहीत राहत नाही. खोडायचं तर नियम मांडणाऱ्यानंच उठून उलट बाजू तितक्याच मनापासून पटवायची. मनात म्हटलं, वाद हरलेलं माणूस असंच बोलतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ट्रंकेत हिनं अर्धवट टाकलेला लेकीचा स्वेटर होता. बाह्या विणायच्या राहिल्या होत्या. आज शाळेत जाताना लेकीनं तो घातला. दोन्ही बाह्या होत्या. खोल्यांच्या मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांना सुई कशी धरतात तेही माहीत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दाढी करून बाहेर आलो. लेकीच्या वेण्या घातलेल्या. चारपेडी, घट्ट, एक केस इकडचा तिकडे नाही. चारपेडी एकाच बाईला येत होती.

कुणी घातल्या, विचारलं. लेक हसली फक्त.

मला आनंद झाला. हे लिहायला हवं. आधी आनंद झाला— मग पुढचा नियम आठवला. कामं उरकली की आपलं माणूस. लेक तिचीच की.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वकीलसाहेबांच्या पाया पडलो. वहीतला तो नियम खोडा म्हटलं. ते म्हणाले, रीत ती रीत. उद्या बोला, तुम्हाला काय अवघड आहे.

घरी तुटलेली सगळी बटणं लावलेली. फाटक्या उशीला टाके. काम उरलंच नाही—

१६ नोव्हेंबर, रविवार
लेकीला मालकीणबाईंकडे ठेवून गेलो. उभा राहिलो. वाक्यं आली, पण सगळी तिच्या बाजूची. पाणी प्यालो, पुन्हा सुरुवात केली. शेवटी शिंप्यानंच विचारलं.

“भाऊ, खरं सांगा. तिनं येऊ नये असं वाटतं तुम्हाला?”

आयुष्यभर बोलत आलो. इथे खाली बसलो.

एकही हात वर झाला नाही. नर्सबाई रडत होत्या.

चार वाजता
मालकीणबाई म्हणतात, लेकीला तिची आई घेऊन गेली. छान आहेत हो तुमच्या मिसेस—

लेक घरातच आहे. दप्तर भरलेलं, पायात बूट. आतल्या खोलीच्या दाराशी. शेजारी कुणी— मी वर बघत नाही. लेक म्हणते, आई म्हणाली, बाबांचं लिहून होईपर्यंत थांबू.

म्हणून लिहितोय. लिहीतच राहणार. संपवायचं नाही—

सव्वापाच
हात दुखतो. पानं चार उरली. काहीही लिहितो. खिडकी. खुर्ची. बूट. लेकीचे बूट—

दोन पानं. घाईनं लिहायचं नाही. वाक्य अर्धं सोडायचं, म्हणजे काम राहिलेलं— नाही. नाही. राहिलेलं काम तर ती—

मागे उभी आहे. हातावर हात. गार. अक्षर माझं राहिलं नाही. वाक्य पुरं करायला ती मद